ताईचं गाव कोणत्याच पुस्तकात नव्हतं

ताई लग्न होऊन अमेरिकेला गेली तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या धामणगाव बढ्यातले एकदोघं आखातात कामाला होते, काही पोरं सैन्यात होती, पण अमेरिकेला जाणारी ती पहिलीच. भाऊजी इंजिनिअर. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कुठल्याशा कारखान्यात त्यांना नोकरी होती. मलकापूरच्या स्टेशनवर आईनं ताईच्या हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींचं गाठोडं दिलं. गाडी सुटल्यावर आई मला म्हणाली, "तिकडे जाईपर्यंत नरम राह्यतीन का वं?" मी 'हो' म्हटलं. तिकडं म्हणजे किती लांब, हे मला नकाशावर ठाऊक होतं. आईला तेवढंही नव्हतं.

वडील आधीच गेले होते. घरात आम्ही दोघीच उरलो. ताईचा फोन चौकातल्या एसटीडी बूथवर यायचा, महिन्यातून एखादवेळी. निरोप आला की आई लुगड्याचा पदर सावरत धावत जायची आणि रिसीव्हर कानाला लावून मोठ्यानं विचारायची, "जेवली का?" तिकडून ताई "हाव" म्हणायची. मग दोघींनाही काही सुचायचं नाही. फोन ठेवून आई हळूहळू चालत परत यायची. घरी आल्यावर म्हणायची, "कशी राह्यते ती, काहीच समजत नाई."

त्यावर मला एक उपाय सुचला. गावच्या सार्वजनिक वाचनालयात प्रवासवर्णनांचं एक कपाट होतं. त्यातून अमेरिकेवरचं एक पुस्तक मी घरी आणलं. लिहिणारे गृहस्थ शहरातले मोठे अधिकारी असावेत. काही आठवडे हिंडून आले होते आणि फार खूष होऊन आले होते. रस्ते कसे आरशासारखे, माणसं कशी रांगेत उभी राहतात, कोणी कोणाच्या वाटेत कसं येत नाही. संध्याकाळी स्वयंपाकाच्या आधी मी वाचायची आणि आई लसूण सोलत ऐकायची. पहिल्या प्रकरणानंतर तिनं विचारलं, "याच्यात आपली पोरगी कुठं राह्यते?"

"आई, हे न्यूयॉर्कचं आहे. ताई मधल्या भागात असते."

"मंग मधल्या भागाचं आन."

मधल्या भागाचं पुस्तक वाचनालयात नव्हतं. जे होतं ते आम्ही वाचलं. तिकडं स्थायिक झालेल्या एका डॉक्टरांच्या आठवणी वाचल्या. त्यांच्या पुस्तकात सगळी मराठी माणसं गणपती बसवायची, मोदक करायची, आणि पानापानावर कोणीतरी कोणाकडं जेवायला जायचं. आईला ते पुस्तक फार आवडलं. "म्हन्जे आपली मानसं हायेत तिकडे," ती म्हणाली, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. मग एका विचारवंतांचं पुस्तक निघालं. त्यांच्या मते पश्चिमेकडं म्हातारी माणसं एकटी मरतात, मुलं आईबापांना ओळखत नाहीत, आणि सगळा समाज पैशाच्या मागं लागून पोकळ झाला आहे. ते मी गाळत गाळत वाचलं. तरी आईला कळलंच. आवाज बदलला की तिला कळायचं.

एकदा मी अनुवादित आत्मचरित्र आणलं. दक्षिणेकडच्या एका गावात गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या काळ्या बाईच्या मुलीनं लिहिलेलं. तिच्या आईला मागच्या दारानं जावं लागायचं, पाणी वेगळ्या भांड्यात मिळायचं, हे सगळं त्यात होतं. मी वाचत होते आणि आईनं हातातला लसूण खाली ठेवला.

"आपली पोरगी काई गोरी नाई," ती म्हणाली.

"आई, हे जुनं आहे. आता तसं नाही."

"तुले काय मालूम? तू गेली व्हती का?"

त्यानंतर आईनं मला वाचायला सांगितलं नाही. मी मात्र थांबले नाही. मोताळ्याच्या शाळेत मला भूगोल शिकवायची नोकरी लागली आणि मी माझी पुस्तकं विकत घेऊ लागले. बुलढाण्याला परीक्षांच्या कामाला गेले की ग्रंथप्रदर्शन लागलंय का बघायची. नसलं तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरायची. युरोपातल्या कोळशाच्या खाणीतल्या कुटुंबाची गोष्ट, महायुद्धात नवरा गमावलेल्या बाईची रोजनिशी, लंडनमध्ये बस चालवणाऱ्या पंजाबी माणसाच्या आठवणी, आदिवासींच्या जमिनी गोऱ्यांनी कशा घेतल्या त्याचा इतिहास. कोणाच्या पुस्तकात पश्चिम म्हणजे स्वर्ग, कोणाच्या पुस्तकात दरोडा, कोणाच्या पुस्तकात नुसती थंडी. दोन पुस्तकं एकमेकांशी जुळायची नाहीत. मी लग्न केलं नाही. आधी आई आजारी म्हणून, मग वय गेलं म्हणून. आई गेल्यावर घरात मी आणि माझं पुस्तकांचं कपाट, एवढंच होतं. आईच्या वेळी ताईला येता आलं नाही, भाऊजींचं ऑपरेशन झालेलं होतं. आम्ही फोनवर दोघी रडलो आणि मग पुन्हा कोणाला काही सुचलं नाही.

मधल्या काळात ताई चारपाच वेळा आली, पण नेहमी घाईत. मुलगा लहान, सासर पुण्याकडचं, आमच्या वाट्याला आठवडाभर. तेव्हा ती पाहुण्यांमध्ये बसलेली असायची आणि मी चहा करत असायची.

भाऊजी गेल्यानंतर ती कायमची परत आली. म्हणजे तसं ठरवून आली. मुलगा तिकडंच, पण विमानानं जावं लागेल इतक्या दूरच्या शहरात. मी तिला आणायला मलकापूरला गेले. पांढरे केस अगदी आखूड कापलेले, अंगात जाड स्वेटर, आणि पायात बूट. मला बघून ती भर प्लॅटफॉर्मवर म्हणाली, "काय वं, तू तं सुकूनच गेली!"

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. आमच्याकडं आता असं कोणी मोकळं बोलत नाही. पोरं टीव्हीची भाषा बोलतात, शाळेत मीही प्रमाण मराठीच बोलते, घरात कोणाशी बोलायचा प्रश्नच नाही. ताईच्या तोंडात मात्र आईची वऱ्हाडी जशीच्या तशी होती. गावातल्या बायका तिला भेटायला आल्या, तेव्हा त्यांच्या सुना एकमेकींकडं बघून हसल्या. अमेरिकेहून आलेली बाई 'काऊन' आणि 'मले' म्हणते याची त्यांना गंमत वाटली.

दोन-चार दिवसांनी मी तिला विचारलं, "तुझी बोली कशी काय टिकली गं?"

"कोनाशी बोलली असती तं बदलली असती," ती म्हणाली. "ह्यांच्याशी पुन्याची बोलायची, बाहेर विंग्रजी. दुपारी घरात कोनी नसे. मंग मी आपली भांड्याशी बोलत राहो. आईच्या आवाजात. नाईतं विसरली असती."

ते तिनं सहज सांगितलं. भाजी निवडत होती, मान वरसुद्धा केली नाही.

थंडी सुरू झाली होती. ओसरीवर सकाळी ऊन यायचं. मी शाळेत जायला निघाले की ती खुर्ची ओढून तिथं बसायची. एक दिवस परत आले तर तिच्या मांडीवर माझं पुस्तक होतं आणि खाली फरशीवर आणखी काही. कपाटाचं दार उघडं.

"हे सारे तिकडचे?" तिनं विचारलं.

"हो."

"तू भूगोल शिकवते म्हून?"

मी पिशवी खाली ठेवली. मग म्हटलं, "तू कशी राहतेस ते कळावं म्हणून. आईलाही वाचून दाखवायची."

ताईनं मांडीवरचं पुस्तक मिटलं. "माह्यासाठी?" ती म्हणाली. "एवढे?" आणि मग चष्मा पुसायला लागली.

त्या दिवसापासून तिनं ती पुस्तकं एकेक करून वाचायला घेतली. अगदी नेमानं, परीक्षेला बसल्यासारखी. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या कपाटाविषयी बोलायला माझ्याजवळ कोणी नव्हतं. शाळेतून येताना मी मनात जुळवत यायची, आज हिला कोणतं विचारू. पण ती पुस्तकांशी भांडायला लागली.

"यानं काय पाह्यलं? यानं तं हाटेल पाह्यलं," अधिकाऱ्यांच्या पुस्तकाविषयी ती म्हणाली. डॉक्टरांचे मोदक वाचून हसली. "आमच्यापासून सगळ्यात जवळचं मराठी घर मोटारीनं अर्ध्या दिवसावर. गनपतीले एकदा गेलो, मंग बर्फ पडला तं कधी गेलो नाई." विचारवंतांचं पुस्तक तिनं अर्ध्यात मिटलं. "हा कधी गेलाच नाई तिकडे. इथंच खुर्चीत बसून लिवलं." काळ्या बाईच्या मुलीचं पुस्तक मात्र तिनं दोनदा वाचलं आणि काहीच बोलली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "हे खरं हाये. पन हे तिचं हाये. माह्यं नाई."

"मग तुझं कोणतं?"

"तेच तं पाहून राह्यली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती आपलं गाव शोधते आहे. एवढ्या पुस्तकांत कुठंतरी दोन ओळी असतील, असं तिला वाटत होतं. मी तिला म्हटलं, "सांग ना मग, कसं आहे तुझं गाव?"

तिनं सांगितलं. त्या थंडीत रोज थोडं थोडं. सपाट जमीन, इतकी सपाट की संध्याकाळी आपलीच सावली रस्ता ओलांडून जाते. मैलोन् मैल मका. मधे धान्य साठवायची उंच गोल कोठारं, तीच तेवढी लांबून दिसतात. एक पेट्रोल पंप, एक चर्च, एक शाळा, एक किराणा. हिवाळ्यात खिडकीबाहेर पांढरं, आणि त्यात काहीही हलत नाही. भाऊजी अंधारात जायचे, अंधारात यायचे. शेजारी एक शेतकरीण. ताईपेक्षा वयानं मोठी, उंच, हाताची बोटं आपल्याकडच्या बाईसारखी फुटलेली. पहिल्याच हिवाळ्यात ती फावडं घेऊन आली, न विचारता यांच्या दारातला बर्फ ओढला आणि निघून गेली. त्यानंतर इतकी वर्षं दोघी कुंपणाशी भेटायच्या आणि पावसापाण्याविषयी बोलायच्या. त्यापलीकडं शब्द नाही. तिनं ताईला कधी घरात बोलावलं नाही, ताईनं तिला बोलावलं नाही.

"हे गेले त्या दिवशी ती आली," ताई म्हणाली. "मी बसली व्हती टेबलापाशी. ती काईच बोल्ली नाई. कोट काढला, बाह्या वर केल्या, न सिंकातले सारे भांडे घासले. पुसून ठेवले. मंग माह्यासमोर येऊन बसली. अंधार पडेपर्यंत बसली. जाताना म्हने, उद्या वारा राहीन."

ओसरीवरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं होतं.

"तूच लिही ना ताई," मी म्हटलं. "हे कुठल्याच पुस्तकात नाही."

ती हसली. "काय लिवू? तिथं काई झालंच नाई. पुस्तकात काई तरी व्हावं लागते. कोनी मारलं, कोनी फसवलं, नाईतं कोनी मोठं झालं. आमाले कोनी मारलं नाई, कोनी जवळ घेतलं नाई. सकाळ झाली, संध्याकाळ झाली. अख्खी जिंदगी झाली."

हे ऐकून मला खोलवर काहीतरी लागलं, कारण तिनं तिकडचं म्हणून जे सांगितलं ते माझंही होतं. पण मी तिला तसं म्हटलं नाही. मोठी बहीण इतक्या लांबून आली होती. तिला वाटावं की निदान मी तरी इथं माणसांत राहिले, असं मला वाटत होतं.

खरं तर ती इथंही दिवसभर एकटीच होती. मी सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. तिच्या मैत्रिणी लग्न होऊन गेलेल्या, काही वारलेल्या. भेटायला येणाऱ्या बायका पहिल्या महिन्यात येऊन गेल्या, पुढं येईनाशा झाल्या. ती कधी बाजारात गेली तर दुकानदार "मॅडम" म्हणून खुर्ची द्यायचा. आपल्याच गावात खुर्ची मिळाल्यावर ती बिचारी गोंधळायची. सणाला शेजारच्यांनी जेवायला बोलावलं, तर तिला वाढताना ताट वेगळं काढलं, तिखट सोसायचं नाही म्हणून. आईच्या हातचा ठेचा खाऊन वाढलेली ती. तिनं मुकाट्यानं ते फिकं खाल्लं.

रब्बीचा मका काढणीला आला त्या दिवसांत एकदा मी शाळेतून आले तर घराला कुलूप. शेजारी विचारलं, कोणाला माहीत नाही. तिला लावलेला फोन घरातच वाजत होता. मी रोहिणखेडच्या रस्त्यानं चालत निघाले, कारण आम्ही दोघी लहानपणी तिकडं बोरं वेचायला जायचो. गाव संपतं तिथं, मक्याच्या वावराच्या बांधावर ती उभी होती. उन्हात, डोक्यावर पदर नाही, पायात तेच बूट. वावरात बायका कणसं मोडत होत्या आणि अधूनमधून तिच्याकडं बघत होत्या.

"ताई! इथं काय करून राह्यली?" तिच्याशी बोलता बोलता माझीही जीभ केव्हाच वळली होती.

तिनं वळून पाहिलं. डोळे भरलेले. "काई नाई वं," ती म्हणाली. "घर आठवलं."

मी तिच्या शेजारी उभी राहिले. घर हा शब्द तिनं फोनवर इतकी वर्षं वापरला होता आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ आमचं हे घर असा होता. "घरी कसं हाये?", "घरी पाऊस झाला का?" वाळलेल्या पानांचा आवाज येत होता. बायकांतली एक म्हातारी बांधापाशी येऊन म्हणाली, "बाई, कनसं पायजेत का?" ताईनं मान हलवली, आणि म्हातारीनं तिच्या हातात दोन कणसं ठेवली. आम्ही परत आलो.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, चहा ठेवला, आणि मला समोर बसवून सांगितलं. "मी परत जातो म्हन्ते." आमच्याकडं जुन्या बायका कधी कधी असं पुरुषी बोलतात, आईही बोलायची.

"तिथं कोण आहे तुझं?"

"कोनी नाई."

"मग?"

"इथं कोनी नाई ते समजत नाई मले. सारे वळखीचे वाट्टात न कोनीच वळखत नाई. तिकडे कोनी नाई ते मले पाठ हाये." ती चहा ओतत होती. "तू हायेस. तू नस्ती तं मी एवढीबी राह्यली नस्ती. तूच चाल माह्यासंग."

मी तिला एकदम नाही म्हटलं नाही. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. ती झोपल्यावरही मी विचार करत राहिले, आणि नंतरचे काही दिवस वर्गात शिकवतानाही. इतकी पुस्तकं वाचून झाली होती, मला बघायची इच्छा नव्हती असं कसं म्हणू? पण तिच्या त्या स्वयंपाकघरात मी काय करणार होते, ते मला डोळ्यांपुढं दिसत होतं. ती जशी इथं ओसरीवर बसते तशी मी तिथं खिडकीशी बसणार. आणि दुपारी ती झोपली की एकटीच तिच्या भांड्यांशी बोलणार.

"नाही जमायचं ताई," मी शेवटी म्हटलं.

"मले मालूम व्हतं," ती म्हणाली. रागावली नाही. माझा हात हातात घेऊन बोटं चोळत बसली, लहानपणी थंडीत चोळायची तशी.

होळीच्या आधी ती गेली. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आई तुझं काय ते एकदा ठरव. बॅगेत तिनं कळण्याचं पीठ, तिखट आणि तुरीची डाळ भरली. मी म्हटलं, हवं ते पुस्तक घेऊन जा. ती कपाटापुढं बराच वेळ उभी राहिली, मग दार लावून म्हणाली, "राहू दे. तुले लागतीन." मुंबईपर्यंत सोबत जाण्याइतकी रजा मला मिळाली. विमानतळाच्या दारात पोलीस मला आत सोडेना. ती आत गेली, वळून हात केला, आणि गर्दीत पांढरे केस दिसेनासे झाले.

त्यानंतरच्या वर्षी मी आठवीला उत्तर अमेरिका शिकवत होते. मधली मैदानं हा भाग पुस्तकात चार ओळींचा आहे, हवामान आणि पिकं. मी नेहमी तो पटकन संपवायची. त्या दिवशी मात्र तास संपेपर्यंत त्यावरच बोलत राहिले. कोठारं कशी लांबून दिसतात, बर्फात काहीच हलत नाही म्हणजे काय, शेजारीण दारातला बर्फ कशी ओढते. पोरं गप्प बसून ऐकत होती. मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, तुम्ही गेल्या व्हत्या का तिकडे?"

"नाही."

"मग हे कोणत्या पुस्तकात हाये?"

मी सांगितलं, कोणत्याच नाही. माझी बहीण राहते तिथं. मुलीनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. परीक्षेत येईल असं तिला वाटलं असावं.

आता मीही निवृत्त झाले. नवी पुस्तकं आणणं आपोआप कमी झालं. ताई फोन करते, रविवारी सकाळी, तेव्हा तिच्याकडं शनिवारची संध्याकाळ असते. व्हिडिओवर तिला दिसायला आवडत नाही, नुसताच आवाज. तिच्याकडची थंडी, माझ्याकडचं ऊन, दोघींचे गुडघे, एवढं बोलून होतं. त्यानंतर दोघीही गप्प होतो. पण फोन कोणीच ठेवत नाही. ती तिकडं नळ सोडून भांडी घासायला लागते, मी इकडं फोन कट्ट्यावर ठेवून मेथी निवडते. मधेच ती विचारते, "हायेस का?" मी म्हणते, "हाव." आणि नळाचा आवाज पुन्हा सुरू होतो.